चार चित्रं, तीन भिंती: फ्रेम, काच, उजेड आणि खिळा यांबद्दल नेमकी माहिती हवी आहे (चर्चा: प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

कोरी भिंत

बैठकीच्या खोलीत चार चित्रं लावायची आहेत. यातली निदान दोन आधीच्या फ्रेममुळेच बिघडलेली दिसतात, म्हणून पुन्हा फ्रेम करण्याआधी विचारतो आहे.

चित्र १: जलरंगातलं आडवं निसर्गचित्र, ३०० जीएसएम कागद, ४२ × ३० सेंमी. मागच्या पुठ्ठ्याला चारही कडांनी चिकटपट्टीने डकवलंय. मधोमध कागद फुगून काचेला टेकतो.

चित्र २: कॅनव्हासवरचं तैलचित्र, आडवं, ९० × ६० सेंमी. खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ बोराएवढा फुगवटा आहे. बाकीचा कॅनव्हासही जरा सैल वाटतो.

चित्र ३: जुनं छापील चित्र. माउंटच्या (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) आतल्या कडेला लागून चित्रावर तपकिरी रेघ उठली आहे, शिवाय तांबूस ठिपके. ही छपाई नेमकी कोणती तेही ओळखता येत नाही.

चित्र ४: फोटो. वरचा उजवा कोपरा काचेला चिकटलाय.

भिंती अशा: 'अ' खिडकीच्या समोर, जिप्सम बोर्डाची, तिच्या डावीकडच्या साधारण मीटरभर भागावर दुपारी दोन तास थेट ऊन पडतं. 'ब' म्हणजे खिडकीचीच भिंत, काँक्रीटची, बाहेरच्या अंगाची, ओल्या दिवसांत गार आणि दमट. 'क' खिडकीला काटकोनात, विटांची, गिलावा केलेली.

कुठलं चित्र कुठे लावावं, काच कोणती, उंची किती आणि कशावर टांगावं?

पट्टी आणि काच

कागदावरच्या चित्रांपासून सुरुवात करतो, कारण तिथलं नुकसान उलटवता येत नाही. चित्राला जे जे चिकटेल ते उद्या चित्राला धक्का न लावता काढता आलं पाहिजे. फ्रेमचे सगळे निर्णय मी यावरच घेतो.

चित्र १ फुगलं ते चारही कडा बांधून टाकल्यामुळे. दमट हवेत कागद ओलावा शोषून पसरतो, कोरड्या हवेत आकसतो. कडा मोकळ्या नसतील तर पसरलेला कागद जाणार कुठे? मधोमध उठतो. काचेला टेकला की तिथे ओल धरते, आणि बुरशी पहिल्यांदा तिथेच येते.

आधी चित्र सोडवा. पुठ्ठ्यावरून चित्र ओढू नका, चित्रावरून पुठ्ठा काढा: चित्र स्वच्छ कागदावर पालथं ठेवून मागचा पुठ्ठा पातळ पात्याने थराथराने सोलायचा. चिकटपट्टी काढताना हेअर ड्रायरची मंद ऊब द्या आणि पट्टी स्वतःवरच उलटी दुमडून, कागदाला समांतर, सावकाश ओढा. वर उचलली तर कागदाचा पापुद्रा घेऊनच येते. निघत नसेल तर कापून तिथेच सोडा. पाणी किंवा थिनर अजिबात नको, जलरंग लगेच पसरतो. मागे उरलेला चिकटपट्टीचा तुकडा पुढे सांभाळता येतो, ओघळलेला रंग पुन्हा जागेवर आणता येत नाही.

मग टीपकागदाच्या दोन थरांमध्ये ठेवून, वर सपाट फळी आणि पुस्तकांचं वजन, दोन-तीन दिवस. इस्त्री फिरवू नका.

आता माउंट. अॅसिडमुक्त, शक्यतो सुती लगद्याचा माउंटबोर्ड मागा. साध्या बोर्डाच्या गाभ्यात लाकडाचा लगदा असतो. त्यातलं लिग्निन कालांतराने आम्ल सोडतं आणि ४५ अंशांत कापलेली आतली कड आधी पिवळी, मग तपकिरी होते. चित्र ३ वरची रेघ तीच आहे: बोर्ड जिथे कागदाला टेकत होता तिथे कागद आम्लाने करपला. घरच्या घरी ती जात नाही. ब्लीच तर लावूच नका, त्याने आजचा डाग फिकटेल आणि कागद ठिसूळ होईल. जुना बोर्ड काढून टाकला की करपणं बरंच मंदावतं. तेवढंच आपल्या हातात आहे, आणि ते पुष्कळ आहे.

चित्र १ चं माप काढून देतो. माउंटची खिडकी चित्रापेक्षा चारही बाजूंनी ३ मिमी लहान ठेवा, म्हणजे ४१.४ × २९.४ सेंमी. वर आणि दोन्ही बाजूंना ७ सेंमी पट्टा, खाली ८. चारही पट्टे सारखे ठेवले तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं, म्हणून खालचा रुंद. बाहेरचं माप आलं ५५.४ × ४४.४. फ्रेमची आतली खाच त्याहून ३ मिमी मोठी, ५५.७ × ४४.७, कारण बोर्डही हवेनुसार थोडा पसरतो. खाच घट्ट झाली तर दमट दिवसांत अख्खा माउंट कमानीसारखा वाकतो. खाचेची खोली: काच २ मिमी, माउंट १.५, मागचा माउंट १.५, पाठीचा बोर्ड ५, आणि वर चुका मारायला ३, एकूण १३ मिमी. दुकानात आवडलेली नाजूक पट्टी बहुतेक वेळा इथेच नापास होते. पट्टीचा दर्शनी भाग नंतर बघा, आधी खाचेची खोली मोजा.

चित्र मागच्या माउंटला लावायचं ते बिजागऱ्यांनी. जपानी कागदाच्या, साधारण २ × ४ सेंमीच्या पट्ट्या, कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडलेल्या. तंतुमय कडेमुळे समोरून वळ दिसत नाही. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची घट्ट खळ, कारण ती पाण्याने केव्हाही सोडवता येते. पट्टीचं टोक चित्राच्या मागे, वरच्या कडेवर फक्त ४-५ मिमी चिकटवा. उरलेला भाग वर मागच्या बोर्डावर येईल, त्यावर आडवी दुसरी पट्टी चिकटवून टी-आकार करा. वर टीपकागद आणि वजन, निदान अर्धा तास. या मापाला दोन बिजागऱ्या पुरतात, दोन्ही वरच्या कडेला, टोकांपासून रुंदीच्या पाचव्या भागावर. बाजू आणि खालची कड मोकळी. चित्र मागच्या बोर्डाला लावायचं, खिडकीच्या माउंटला नाही. आणि बिजागरीचा कागद चित्राच्या कागदापेक्षा कमजोर हवा: फ्रेम पडलीच तर बिजागरी फाटावी, चित्र नाही.

सेलोटेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, फेव्हिकॉल, रबर सोल्यूशन यांतलं काहीही चित्राला लागता कामा नये. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तेलकट पिवळा होऊन कागदात मुरतो. मग वरचं प्लास्टिक गळून पडतं आणि डाग राहतो.

पाठीला एमडीएफ किंवा हार्डबोर्ड देण्याची पद्धत आहे. त्यातून आम्लाच्या वाफा निघतात. अॅसिडमुक्त फोमबोर्ड किंवा पोकळ नाळ्यांची पॉलिप्रॉपिलीन शीट वापरा. फ्रेम कच्च्या लाकडाची असेल तर खाचेच्या आत अॅल्युमिनियमची टेप लावून घ्या. शेवटी मागची फट गोंदाच्या कागदी पट्टीने बंद करा, म्हणजे धूळ आणि कसर आत जाणार नाही. हे काम कोरड्या दिवशी करा, आणि बोर्ड, माउंट, चित्र तिन्ही आदल्या दिवसापासून एकाच कोरड्या खोलीत ठेवा. दमट दिवशी बंद केलेली फ्रेम तो दमटपणा आत कोंडून ठेवते.

उजेडसावली

वरचं सगळं मान्य. पण इतकं निगुतीने केलेलं चित्र चुकीच्या भिंतीवर गेलं तर रंगच उडतील, म्हणून जागेबद्दल लिहितो.

उजेडाचं नुकसान साठत जातं. म्युझियममध्ये जलरंगांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात. रोज ८ तास धरले तर वर्षाला १,४६,००० लक्स-तास. खिडकीजवळच्या भिंतीवर १,००० लक्स सहज असतो. तिथे तेवढाच मारा १८ दिवसांत होतो. थेट ऊन तर दहा हजार लक्सच्या कितीतरी पुढे जातं. आणि चित्र नंतर अंधारात ठेवलं म्हणून उडालेला रंग परत येत नाही.

यूव्ही रोखणारी काच ९७ ते ९९ टक्के अतिनील किरण अडवते. ती जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर चित्र उन्हात लावू नका. रंग उडवायला डोळ्यांना दिसणारा उजेडही पुरेसा असतो, आणि तो अडवला तर चित्रच दिसणार नाही.

कोणता रंग आधी जाईल ते ट्यूबवरच्या रंगद्रव्याच्या खुणेवरून कळतं. पीआर ८३ हा अलिझरिन क्रिम्झन, जलरंगात पातळ लावला की लवकर फिकटतो. तसाच लाल-गुलाबी पीव्ही १९ खूप टिकाऊ. गेरू, पिवळी माती यांसारखे मातीचे रंग आणि अल्ट्रामरीन उजेडाला दाद देत नाहीत. म्हणून जुन्या जलरंगांत आकाश आणि जमीन ठणठणीत असते, संध्याकाळची लाली मात्र गेलेली असते. तैलरंगही सुटत नाहीत. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रंगवलेल्या त्याच्या खोलीच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात. त्याने स्वतः पत्रात त्या फिकट जांभळ्या असल्याचं लिहिलं होतं. जांभळ्यातला लाल उडून गेला, निळा उरला.

तुमच्या खोलीपुरतं: चित्र १ आणि ३ भिंत 'क' वर, खिडकीपासून लांबच्या टोकाला. चित्र २ भिंत 'अ' च्या उजव्या बाजूला, उन्हाच्या पट्ट्यापासून दूर. तैलचित्राला काच लागत नाही, त्यामुळे खिडकीसमोर लावलं तरी त्यात काचेसारखी खिडकी दिसत नाही. वॉर्निश फार चकचकीत असेल तर थोडी चमक येईल, तेवढंच. डावीकडच्या उन्हाच्या भागात काही हवंच असेल तर जे पुन्हा छापून आणता येईल तेच लावा. 'ब' वर कागदाचं काहीही नको.

काचेतलं प्रतिबिंब आधी तपासायची सोपी रीत: जिथे चित्र येणार तिथे तेवढ्याच उंचीवर कुणाला तरी आरसा धरायला सांगा आणि रोजच्या जागी बसा. आरशात जे दिसेल तेच उद्या चित्रावर दिसेल. साधी काच दोन पृष्ठभागांचा मिळून सुमारे ८ टक्के उजेड परतवते. प्रतिबिंबरोधक काच १ टक्क्याच्या आसपास. समोर खिडकी किंवा टीव्ही असेल तर हा फरक पैसे वसूल करतो, 'क' सारख्या भिंतीवर त्याची गरज नाही. खरखरीत मॅट काच मात्र टाळा. माउंटमुळे चित्र काचेपासून जेवढं मागे जातं तेवढं ते धूसर दिसतं.

वरून दिवा सोडणार असाल तर एलईडी, २,७०० ते ३,००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० च्या वर. प्रकाश उभ्या रेषेशी ३० अंशांत यावा. छत २७० सेंमीवर आणि चित्राचा मध्य १५० वर असेल तर दिवा भिंतीपासून १२० × ०.५८, म्हणजे साधारण ७० सेंमीवर. त्याहून जवळ आणला तर फ्रेमच्या वरच्या पट्टीची सावली चित्रावर पडते, लांब नेला तर बघणाऱ्याचीच सावली पडते.

ओळंबा

टांगण्याचं मी सांगतो.

उंची: चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५२ सेंमीवर येतो ही उभ्याने बघण्याची उंची. बैठकीच्या खोलीत लोक बसून बघतात, तिथे १० सेंमी खाली आणलं तर बरं दिसतं. सोफ्यावर लावताना पाठीच्या वर १५ ते २० सेंमी मोकळे सोडा, एवढं पाळलं की मध्य किती आला याची चिंता करू नका. फार वर टांगणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. चित्र आणि सोफा यांचा एकमेकांशी संबंधच राहत नाही.

खिळ्याची उंची अशी काढा: ठरवलेला मध्य, अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा टांगण्याच्या बिंदूपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. तुमचं तैलचित्र ६० सेंमी उंच, मध्य १४०, आणि तार ताणून धरल्यावर तिचा माथा वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली येतो असं धरू. १४० + ३० − ८ = १६२. हे ८ सेंमी तार खरोखर ताणूनच मोजा. ढिल्या तारेवर मोजलं तर चित्र दोन-तीन सेंमी खाली येतं आणि भोक दुसऱ्यांदा पाडावं लागतं.

तारेबद्दल एक गैरसमज आहे की जितकी ताठ तितकी चांगली. उलट आहे. ६ किलोचं चित्र, तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर तारेच्या प्रत्येक बाजूवर ६ किलोचा ताण येतो. तीच तार जवळजवळ आडवी, १० अंशांवर असेल तर ताण १७ किलोच्या वर. मग फ्रेमच्या उभ्या पट्ट्या आत ओढल्या जातात आणि ४५ अंशांचे जोड वरच्या कोपऱ्यांत उघडतात. डी-आकाराच्या कड्या वरून एक तृतीयांश अंतरावर लावा आणि तारेला थोडी ढील ठेवा.

मी स्वतः ६० सेंमीपेक्षा रुंद कुठल्याही फ्रेमला दोन हुक सुचवतो. एका हुकावर दार आपटलं तरी चित्र तिरकं होतं. दोन हुकांचं अंतर जुळवायला मास्किंग टेपची एक पट्टी फ्रेमच्या मागे दोन्ही कड्यांवरून आडवी लावा, कड्यांच्या आतल्या माथ्याची खूण पेन्सिलने टेपवर करा, टेप तशीच काढून भिंतीवर पाणसळ लावून चिकटवा आणि खुणांवर भोकं पाडा. मोजपट्टी लागतच नाही, म्हणून चूकही होत नाही.

भिंत 'क', विटांची: गिलावाच साधारण १२ ते २० मिमी जाड असतो आणि तो वजन धरत नाही. गिट्टी, म्हणजे भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारा प्लग, गिलाव्याच्या पलीकडे विटेत बसली पाहिजे. ६ मिमीचं मेसनरी बिट, ५० मिमी खोल. बिटावर ५० मिमीला टेप गुंडाळून खूण करा. ड्रिलचा हातोड्याचा मोड गिलावा पार होईपर्यंत बंद ठेवा, नाहीतर भोकाभोवतीचा गिलावा खपलीसारखा निघतो. भोकातली भुकटी फुंकून बाहेर काढा, ३० मिमीची गिट्टी आत ढकला, ४ मिमी जाड आणि ५० मिमी लांब स्क्रू. गिलावा जाड निघाला तर भोक आणि स्क्रू दोन्ही त्या मानाने लांब घ्या. भुरभुरीत लाल पूड येत असेल तर तुम्ही विटेत आहात. पांढरट-करडी पूड येऊन बिट सरकन आत जात असेल तर विटांमधल्या सांध्यात शिरलात, दोन सेंमी बाजूला सरका.

भिंत 'अ', जिप्समची: बोर्ड साधारण १२.५ मिमी जाड, मागे पोकळी. साधी गिट्टी इथे फिरत राहते. छोटा लोहचुंबक भिंतीवर सावकाश सरकवा. जिथे ओढ घेतो तिथे स्क्रूची डोकी, म्हणजे मागे धातूचा खांब. तिथे धातूला चालणारा स्क्रू थेट बसतो. खांब हव्या त्या जागी नसेल तर मागे पंख उघडणारे अँकर घ्या, पाकिटावर लिहिलेल्या भाराच्या निम्माच भार धरा.

स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ बाजूला भोक पाडू नका. वायर बहुतेक त्याच रेषेत असते.

चिकटवायच्या पट्ट्यांवर काच असलेली फ्रेम टांगू नये असं माझं ठाम मत आहे. नव्या रंगावर त्या आठवडाभर तरी लावायच्या नसतात. दमट हवेत चिकटपणा कमी होतो, आणि सुटल्या की रंगाचा पापुद्रा घेऊन सुटतात. काच नसलेल्या हलक्या पोस्टरला चालतील.

फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराचे ५-६ मिमी जाड बटन लावा. मागे हवा खेळती राहते, फ्रेम सरकत नाही आणि भिंतीवर काळी रेघ उमटत नाही.

कोरी भिंत

खूप आभार. तीन गोष्टी. तैलचित्राच्या फुगवट्याबद्दल कुणी सांगू शकेल का? चित्र ३ भिंगाखाली पाहिलं: ठिपके आहेत, पण आजच्या छापील पानासारखी त्यांची फुलं दिसत नाहीत, वेगवेगळ्या आकाराचे, हाताने टाकल्यासारखे, आणि रंग चारपेक्षा कितीतरी जास्त. आणि चित्र १ ला काच घ्यावी की अॅक्रिलिक?

भिंगातून

चित्र ३ बहुधा रंगीत शिलामुद्रण आहे, क्रोमोलिथोग्राफ. दगडावरून छपाईची रीत आलोइस झेनेफेल्डरने १७९६ मध्ये शोधली. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून छापण्याच्या पद्धतीचं पेटंट गोदफ्रुआ एंगेलमानने १८३७ मध्ये घेतलं. छटा आणण्यासाठी कारागीर प्रत्येक दगडावर हाताने ठिपके काढत, म्हणून ते असमान असतात आणि रंग दहा-बारासुद्धा असू शकतात. ऑफसेटमध्ये निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा या चारच शाईंचे एकसारखे ठिपके फुलाच्या आकारात रचलेले दिसतात. इंकजेटचे ठिपके अगदी बारीक, तुषार उडवल्यासारखे विखुरलेले. धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटतो, तिरप्या उजेडात तो चटकन दिसतो. खोटा दाब उमटवलेलीही चित्रं असतात, म्हणून दाब आणि भिंग दोन्ही बघा. यासाठी १० पटीचं भिंग पुरेसं आहे.

हे ओळखण्याचा उपयोग असा की तांबूस ठिपके घालवायला कुणी चित्र धुऊन देतो म्हणालं तर नको म्हणा. अशा चित्रांवर अनेकदा वॉर्निशचा थर असतो आणि कागद हलका असतो. पाण्यात दोन्ही वेगवेगळे पसरतात. ठिपके भुरभुरीत किंवा केसाळ असतील तर बुरशी जिवंत आहे. चित्र बाकीच्यांपासून वेगळं करून कोरड्या हवेत ठेवा, पूर्ण सुकल्यावर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने हलकेच झटका. सपाट डाग असतील तर तसेच राहू द्या. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर नवे येत नाहीत. ६५-७० च्या पुढे सतत गेली की येतात.

तैलचित्राचा फुगवटा: खालच्या कोपऱ्यात आहे म्हणजे कॅनव्हास आणि लाकडी चौकटीची खालची पट्टी यांच्यामध्ये काहीतरी पडलंय. बहुतेक वेळा ती कोपऱ्यातून सुटलेली पाचर (चौकट ताणून धरणारा छोटा लाकडी तुकडा) असते, कधी गिलाव्याचा तुकडा किंवा वर्षानुवर्षांची धूळ. समोरून बोटाने दाबू नका, रंगाला गोल तडे जातात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. चित्र भिंतीवरून उतरवा, उलटं करून उभं धरा, म्हणजे खालची पट्टी वर येईल. पट्टी आणि कॅनव्हास यांच्यामध्ये जाड गुळगुळीत कार्ड सरकवा आणि अडकलेली वस्तू मधल्या मोकळ्या भागाकडे ढकला. वस्तू बाहेर आली की फुगवटा बराचसा उतरतो, उरलेला काही आठवड्यांत.

सैलपणासाठी पाचरीच आहेत. चार कोपऱ्यांत दोन-दोन, एकूण आठ. सातच निघाल्या, तर ज्या कोपऱ्यात एक कमी असेल तिथली आत पडली होती. ती परत बसवा. मग हलक्या हातोडीने प्रत्येक पाचर १ ते २ मिमी आत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून. हातोडी आणि कॅनव्हासच्या मध्ये कार्ड धरा. रंग कुठे सुटत असेल किंवा पापुद्रे उचललेले दिसत असतील तर हे काम करूच नका, ठोकल्याच्या धक्क्याने ते गळतात. झाल्यावर पाचरी दोऱ्याने चौकटीला बांधून टाका, म्हणजे पुन्हा आत पडणार नाहीत. कोपऱ्यांत पाचरींच्या खाचाच नसतील तर चौकट पक्की जोडलेली आहे, मग कॅनव्हास नव्याने ताणण्यावाचून उपाय नाही. मागून पाणी शिंपडून कॅनव्हास ताठ करण्याची युक्ती बरेच जण सांगतात. तासाभरासाठी तो ताठ होतोही. सुकल्यावर पुन्हा सैल पडतो, आणि मधल्या काळात रंगाखालचा पांढरा थर तडकतो.

ताठ झाल्यावर मागे पॉलिप्रॉपिलीन शीट स्क्रूने चौकटीला लावून घ्या. धूळ, कोपर, खुर्चीची पाठ या सगळ्यांपासून कॅनव्हास वाचतो. पुसायला फक्त कोरडा मऊ ब्रश, वरून खाली.

पट्टी आणि काच

एक दुरुस्ती माझ्याच प्रतिसादात. खाचेची १३ मिमी खोली मी ५ मिमीच्या फोमबोर्डाने काढली होती. ३ मिमीची पॉलिप्रॉपिलीन शीट घेतली तर ११ चालेल.

काच की अॅक्रिलिक: काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला २.५ किलो. चित्र १ च्या फ्रेममध्ये पाव चौरस मीटर काच आहे, २ मिमीला सव्वा किलो. अॅक्रिलिक त्याच्या निम्म्याहून थोडं कमी. एवढ्या मापाला काचच घ्या. ओरखडे पडत नाहीत, सपाट राहते. मीटरभर रुंदीच्या पुढे, पलंगावर, किंवा मुलांच्या खोलीत अॅक्रिलिक. पेस्टल किंवा कोळशाच्या चित्राला साधं अॅक्रिलिक कधीही नको, त्याच्यावरची स्थिर वीज रंगाची पूड ओढून घेते. त्यांना काच, आणि माउंटखेरीज ३ ते ६ मिमीची अंतरपट्टी. अॅक्रिलिक अमोनियाच्या क्लीनरने पुसलं तर बारीक तडे जाऊन धुरकट होतं. काच पुसतानाही फवारा कापडावर मारा, फ्रेमवर नाही. ओघळलेला थेंब खालच्या खाचेतून माउंटमध्ये चढतो आणि महिन्याभराने तिथे अर्धगोल डाग दिसतो.

फोटोबद्दल कुणी बोललं नाही. फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होतो, काचेला टेकलेला असेल तर चिकटतो. ओढू नका, कोपऱ्यातली प्रतिमा काचेवर राहील आणि हातात पांढरा कागद येईल. छपाई इंकजेटची असेल तर भिजवलं तर शाईच वाहून जाईल. काचेसकट स्कॅन करा: काच आतून-बाहेरून जिथे हात पोचेल तिथे पुसून, स्कॅनरवर काचेची बाजू खाली ठेवून. चिकटलेला कोपरा थोडा गडद येतो, तो संगणकावर जुळवता येतो. नवी प्रत काढा आणि भिंतीवर ती लावा, हवं तर 'अ' च्या उन्हाच्या बाजूला. मूळ फोटो काचेला चिकटलेल्या अवस्थेतच सपाट, अंधारात, कोरड्या जागी ठेवा. सोडवायचाच असेल तर ते संवर्धकाचं काम आहे. नव्या प्रतीला गोंद नको, कागदी कोपऱ्यांच्या खिशांत बसवा, आणि पुढे माउंट हवाच.

ओळंबा

'क' वर दोन फ्रेम शेजारी येणार असतील तर त्यांच्यात ५ ते ७ सेंमी अंतर ठेवा आणि वरच्या कडा नाही, मध्य एका रेषेत आणा. आधी वर्तमानपत्र फ्रेमच्या मापाने कापून मास्किंग टेपने भिंतीवर लावा, एक-दोन दिवस तसंच राहू द्या. भोक कागदावरूनच पाडा, खूणही राहते आणि गिलाव्याची कडही फुटत नाही.

पहिला ओला हंगाम सरला की चारही फ्रेम एकदा उतरवा. मागची कागदी पट्टी कुठे सुटली किंवा ओली वाटते का, भिंतीवर फ्रेमच्या आकाराचा गडद ठसा उमटलाय का, ते बघा. ठसा असेल तर त्या जागी मागे हवा खेळत नाही. तिथे ६ ऐवजी १० मिमीची बटनं लावा.